मावशीच्या क्लासचा कॉम्प्युटर, ग्वाल्हेरची लाईट आणि इम्युटेबल लिनक्स

आधी परिस्थिती सांगते म्हणजे पुढचं सगळं नीट लागेल. माझी मावशी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दौलतगंजच्या बाजूला राहते, घरीच गाण्याचा क्लास घेते, सकाळी शाळेतल्या मुली आणि संध्याकाळी नोकरीवाले. क्लासच्या खोलीत एक डेस्कटॉप आहे, सातव्या पिढीचा आय-थ्री, आठ जीबी रॅम आणि नंतर घातलेला एसएसडी. त्यावर होणारी कामं अगदी ठरलेली: बंदिशींचं नोटेशन टाईप करून छापायचं, जुन्या कॅसेटी डिजिटल करायच्या, व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून मुलींना रेकॉर्डिंग पाठवायचं, बँक आणि यूट्यूब. मी त्याच गावात पण मुरारला राहते. म्हणजे तिकडे काही अडलं की नोकरी सांभाळून गाव ओलांडून जाणं आलं, आणि ते वारंवार येत होतं कारण प्रत्येक मुलगी आपला पेनड्राईव्ह आणून लावायची आणि त्यातून काही ना काही शिरायचंच.

त्यावर विंडोज १० होतं. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे आधीच जाहीर होतं आणि विंडोज ११ ला आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, मावशीचं मशीन त्या यादीत बसत नाही. चांगलं चालणारं मशीन भंगारात द्यायचं मला पटेना. २०२४ च्या दिवाळीनंतर क्लासला सुट्टी होती तेव्हा मी त्यावर फेडोरा किनोआइट ४१ हे इम्युटेबल प्रकारचं लिनक्स बसवलं, इम्युटेबल म्हणजे काय ते पुढे सांगते. आता वर्ष होऊन गेलंय, मधे एक अख्खा उन्हाळा गेलाय, तेव्हा काय झालं ते सगळं लिहून ठेवतेय, कारण घरातल्या माणसाला असलं लिनक्स देऊ का असं मला बरेच जण विचारतात आणि दोन ओळीत उत्तर देता येत नाही.

साधं लिनक्स का नको

साधं लिनक्स वाईट नाहीये, माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर डेबियन आहे. पण मावशीच्या घरी दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक म्हणजे हात लावणारे फार. एखादा हुशार मुलगा येतो, इंटरनेटवरून कमांड उचलतो, टर्मिनलमध्ये चिकटवतो आणि निघून जातो, मग सिस्टिममध्ये नक्की काय बदललं ते कुणालाच सांगता येत नाही. दुसरी म्हणजे लाईट. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर गेला की लाईटचा भरवसा नाही, दुपारी दोनदा तरी जाते, इन्व्हर्टरवर फक्त पंखे आणि ट्यूबलाईट. साध्या सिस्टिममध्ये अपडेट चालू असताना लाईट गेली तर पॅकेजेस अर्धी नवी अर्धी जुनी राहतात, डेबियन-उबंटूवाल्यांनी तो डीपीकेजी (पॅकेज बसवणारा प्रोग्राम) मधेच थांबलं, हाताने कॉन्फिगर करा वाला मेसेज पाहिलेला असणारच. मला त्याचं काही वाटत नाही, मी दोन मिनिटात सोडवते. मावशीने तो मेसेज बघून काय करायचं?

इम्युटेबल म्हणजे काय ते थोडक्यात. सिस्टिमचा गाभा, म्हणजे युएसआर फोल्डर, फक्त वाचता येतो, त्यात लिहिता येत नाही. अपडेट येतं ते एकेक पॅकेज बदलत नाही तर सिस्टिमचं पूर्ण नवीन झाड जुन्याच्या शेजारी तयार होतं आणि पुढच्या वेळी मशीन चालू केलं की त्या नव्या झाडातून चालू होतं. जुनं तसंच जागेवर राहतं. ज्या फाईल्स बदललेल्याच नाहीत त्या दोन्ही झाडांत एकच असतात, म्हणून डिस्क दुप्पट लागत नाही. फेडोरात हे काम आरपीएम-ओएसट्री करतं. २०१८ मध्ये अ‍ॅटॉमिक वर्कस्टेशन नाव बदलून सिल्व्हरब्लू झालं, ते जीनोमवालं, आणि किनोआइट २०२१ ला फेडोरा ३५ सोबत आलं, ते केडीईवालं, म्हणजे दोघांचा फक्त डेस्कटॉपचा चेहरा वेगळा. मी किनोआइट घेतलं कारण खाली पट्टी, डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ, मावशीला नवीन काही शिकावं लागलं नाही. सेटिंगचं ईटीसी फोल्डर आणि आपला डेटा ठेवणारं व्हार यांत मात्र लिहिता येतं, होम फोल्डरसुद्धा खरं तर व्हारच्या आतच असतं. अ‍ॅप्स सगळी फ्लॅटपॅकने, म्हणजे सिस्टिमपासून वेगळ्या डब्यात, आणि ती घ्यायची फ्लॅटहब नावाच्या अ‍ॅप स्टोअरवरून.

मावशीला हे सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "म्हणजे बंदिश ठरलेली, आलाप आपला." मला यापेक्षा बरं सांगता आलं नसतं.

बसवल्यावरचा पहिला आठवडा

सगळा वेळ इथे गेला, नंतर नाही. ब्राउझर, लिबरऑफिस, ऑडॅसिटी, व्हीएलसी हे फ्लॅटहबवरून घेतलं. फायरफॉक्स किनोआइटसोबत आधीपासून येतो पण एच २६४ सारखे पेटंटवाले कोडेक, म्हणजे व्हिडिओ उलगडणारे भाग, फेडोरा आपल्या मूळ सिस्टिमसोबत देत नाही, आणि मुली मोबाईलवर काढलेले व्हिडिओ पाठवतात ते नेमके त्यातलेच, म्हणून फ्लॅटहबवाला फायरफॉक्स घेतला आणि व्हिडिओचा प्रश्न तिथेच संपला. देवनागरी टायपिंगला काहीच करावं लागलं नाही, मावशी इनस्क्रिप्टवाली आहे, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय लेआउट जोडला आणि झालं.

फॉन्टचं प्रकरण जरा वेगळं. मावशीचं वर्षानुवर्षांचं नोटेशन एका जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहे. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब आणि तार सप्तकाला वर टिंब, एका मात्रेत दोन-तीन स्वर आले तर खाली अर्धगोल. त्या फॉन्टमध्ये ही सगळी चिन्हं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली आहेत, त्यामुळे फॉन्ट सापडला नाही की अख्खी बंदिश म्हणजे इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. पहिल्यांदा फाईल उघडली तेव्हा मावशीचा चेहरा उतरला होता, तिला वाटलं सगळं गेलं. सिस्टिमच्या फॉन्ट फोल्डरमध्ये लिहिताच येत नाही कारण ते युएसआरमध्ये आहे. पण फॉन्ट इन्स्टॉल करताना केडीई विचारतं की सगळ्यांसाठी की फक्त तुमच्यासाठी, तिथे फक्त तुमच्यासाठी निवडायचं, मग तो होमच्या आत जातो, आणि फ्लॅटपॅकच्या अ‍ॅप्सना होममधले फॉन्ट दिसतात. लिबरऑफिस बंद करून परत उघडलं आणि भूपाची बंदिश टिंबांसकट जागेवर आली.

मग प्रिंटर. इथे मात्र भिंत लागली. एका नामी कंपनीचा जुना छोटा लेझर प्रिंटर आहे, असे प्रिंटर आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत अजून ढिगाने चालतात, त्याला कंपनीची स्वतःची बंद ड्रायव्हर फाईल लागते आणि ती बसवणारी स्क्रिप्ट थेट युएसआरमध्ये लिहायला जाते. किनोआइट तिला लिहू देत नाही, देणारच नाही, तेच तर त्याचं काम आहे. युएसआरवर तात्पुरता लिहिता येणारा थर चढवण्याची सोय आहे, ती वापरून बघितली, प्रिंट छान निघाली, पण तो थर मशीन बंद केलं की पुसला जातो आणि तसंच झालं. आरपीएम पॅकेज असतं तर लेयर करता आलं असतं म्हणजे मूळ झाडावर आपलं पॅकेज चढवून प्रत्येक अपडेटला ते परत चढवलं जातं, पण इथे पॅकेजच नव्हतं, नुसती स्क्रिप्ट.

शेवटी माळ्यावर पडलेली एक जुनी नेटबुक काढली, तिच्यावर साधं डेबियन, त्यात तो ड्रायव्हर, आणि कप्स या लिनक्सच्या छपाई व्यवस्थेतून प्रिंटर नेटवर्कवर शेअर केला. किनोआइटला तो आपोआप दिसला, ड्रायव्हर विचारला नाही की काही नाही, कारण ड्रायव्हरचं काम नेटबुक करते आणि किनोआइट तिला फक्त कागदाचा मजकूर पाठवतं. नेटबुक आता प्रिंटरच्या खाली कपाटात असते, स्क्रीन बंद.

यातून माझं मत पक्कं झालंय आणि जो विचारतो त्याला मी हेच आधी सांगते. इम्युटेबल घ्यायचं का हे ठरवताना अ‍ॅप्सची यादी नका करू, अ‍ॅप्स बहुतेक सगळी मिळतात. टेबलावर काय काय वायरीने जोडलंय ते बघा. प्रिंटर, स्कॅनर, बायोमेट्रिक, डिजिटल सहीचं टोकन, यातल्या प्रत्येकाला स्वतःचा ड्रायव्हर लागतो का आणि तो कुठे लिहायला जातो एवढं एक तपासा. नवे प्रिंटर बहुतेक ड्रायव्हरशिवाय चालतात. पण जीएसटी नाहीतर कंपनीच्या कामासाठी रोज टोकनने सही करावी लागत असेल तर मी ते मशीन इम्युटेबल करणार नाही, सरळ सांगते. मावशीला टोकन लागत नाही म्हणून आमचं जमलं.

एक छोटी गोष्ट राहिली, ती रोज लागायची म्हणून सांगते. फ्लॅटपॅकवाला ब्राउझर पिंजऱ्यात असतो, त्याला सगळं होम दिसत नाही. मावशीला सवय होती की फोल्डरमधून रेकॉर्डिंग उचलायचं आणि ओढून व्हॉट्सअ‍ॅप वेबच्या खिडकीत टाकायचं, आणि ते जात नव्हतं. फाईल जोडायच्या बटणाने निवडली तर जायची, कारण तेव्हा सिस्टिमची खिडकी उघडते आणि तेवढी एकच फाईल ब्राउझरच्या हातात देते. केडीईच्या सेटिंगमध्ये फ्लॅटपॅकच्या परवानग्यांचं पान आहे, तिथे ब्राउझरला फक्त रेकॉर्डिंगच्या फोल्डरची परवानगी दिली. सगळं होम उघडून देणं सोपं होतं, पण मग पिंजऱ्याचा उपयोग काय राहिला.

मुद्दाम एकही पॅकेज लेयर केलं नाही. लेयर जितके कमी तितकं अपडेट हलकं आणि वरच्या व्हर्जनला जाताना भांडणं कमी. मावशीचं खातंही साधं ठेवलं, अ‍ॅडमिनचं वेगळं, त्याचा पासवर्ड माझ्याकडे आणि एका बंद लिफाफ्यात तिच्या कपाटात.

उन्हाळा

अपडेट आपोआप मागे उतरून तयार राहील असं सेटिंग केलं होतं. म्हणजे कॅसेट रेकॉर्ड होत असताना रीस्टार्टची खिडकी येऊन बसत नाही, सिस्टिम आपली गप तयारी करते आणि मशीन बंद-चालू होईल तेव्हा नवीन लागतं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटं चालते आणि त्यातल्या काही कॅसेटी इतक्या जुन्या आहेत की परत परत वाजवायला भीती वाटते, त्यामुळे मधे व्यत्यय नसणं ही मावशीसाठी चैन नाही, गरज आहे.

मे महिन्यात लाईट जायला लागली. यूपीएसची बॅटरी मेलेली होती, म्हणजे लाईट गेली की कॉम्प्युटर त्याच क्षणी काळा. आणि रात्री मावशी मेन बोर्डाचं बटणच बंद करते, जुनी सवय. मला धाकधूक होती. पण प्रत्येक वेळी लाईट आली, बटण दाबलं आणि मशीन उभं राहिलं, एकदाही अडलं नाही. कारण सरळ आहे, जे झाड चालू आहे त्याला अपडेट हातच लावत नाही, आणि नवं झाड पूर्ण होऊन बूटच्या यादीत सगळ्यात वर बसेपर्यंत जुनंच मालक असतं.

पण याची दुसरी बाजूही आहे आणि ती मला कुठे वाचायला मिळाली नव्हती. एका रविवारी गेले तेव्हा स्टेटस बघितलं तर सिस्टिमची तारीख बऱ्याच मागची. अपडेट रोज तयार होत होतं आणि एकही लागत नव्हतं! थोडं खोदल्यावर कळलं. तयार झालेलं अपडेट, ज्याला स्टेज केलेलं म्हणतात, ते शेवटी पक्कं होतं मशीन रीतसर बंद होताना. तोपर्यंत त्याची नोंद रन नावाच्या फोल्डरमध्ये असते आणि ते फोल्डर रॅममध्ये. लाईट गेली की नोंद गेली, सिस्टिम जुन्यातूनच उठते, परत अपडेट तयार करते, परत लाईट जाते. मशीन कधीच बिघडत नव्हतं हे खरं, पण पुढेही जात नव्हतं, आणि सुरक्षेची अपडेट न लागणं हे काही चांगलं नाही. उपाय साधा: यूपीएसला नवी बॅटरी, आणि मावशीला सांगितलं की बोर्डाचं बटण दाबायच्या आधी मेनूतून शट डाउन कर. त्या आठवड्यातच तारीख पुढे सरकली.

आवाज फुटला तेव्हा

पुढे एकदा अपडेटनंतर कॅसेट डेक ज्या यूएसबी साउंडकार्डाला जोडलाय त्यातून रेकॉर्ड करताना आवाज तडतडायला लागला. ऐकताना ठीक, रेकॉर्ड करताना तडतड. नवं कर्नल (सिस्टिमचा हार्डवेअरशी बोलणारा भाग) आणि ते कार्ड यांचं जमत नव्हतं एवढंच मला नंतर कळलं.

पण त्या दिवशी मी ऑफिसात होते. फेडोरा एकटंच असेल तर बूटचा मेनू लपवून ठेवतं, तो मी बसवतानाच पाच सेकंद दिसेल असा करून ठेवला होता आणि मॉनिटरच्या खाली चिठ्ठी चिकटवली होती: "काही बिघडलं तर – शट डाउन, परत चालू, काळ्या पाटीवर खालचा बाण एकदा, एंटर." मेनूत दोन ओळी असतात, वरची नवी आणि खालची आधीची, ओळींच्या शेवटी शून्य आणि एक असे आकडे. मावशीने चिठ्ठी वाचून तेवढं केलं आणि मग मला फोन केला.

"अगं, दुसरी ओळ घेतली. तडतड गेली. मी रेकॉर्डिंगला बसतेय, तू धावत येऊ नकोस."

माझ्यासाठी हे सगळ्यात मोठं. आधी असलं काही झालं की मावशी मशीनला हात लावायची बंद व्हायची, मी येईपर्यंत ते झाकून ठेवायची, अक्षरशः वर कापड टाकून. आता तिला परत जायची वाट माहीत आहे.

रविवारी जाऊन मी ते मागचं झाड कायमचं वर आणलं, ती रोलबॅकची एक कमांड आहे, आणि ते पिन केलं म्हणजे पुढच्या अपडेटमध्ये ते पुसलं जाणार नाही. एक लक्षात ठेवण्यासारखं, आपोआप अपडेट चालू ठेवलं तर रोलबॅक केल्यावरही ते परत तेच नवीन आणून तयार ठेवतं, म्हणून ते थोडे दिवस बंद केलं. नंतरचं अपडेट लावून एक कॅसेट रेकॉर्ड करून पाहिली, स्वच्छ आली, मग परत चालू केलं.

आणि हे पण सांगायला हवं, रोलबॅक म्हणजे बॅकअप नव्हे. मागे जातं ते सिस्टिमचं झाड, होममधल्या फाईल्स जिथल्या तिथे असतात. हे चांगलंही आहे, कारण मागे गेल्यावर त्या दिवशीचं रेकॉर्डिंग जात नाही, पण एखादी बंदिशीची फाईल डिलीट झाली तर कुठलीही ओळ निवडून ती परत येणार नाही. त्यासाठी बाहेरची हार्डडिस्क आहे, ती महिन्यातून एकदा लावते.

४१ वरून ४२

फेडोराचं नवं व्हर्जन साधारण सहा महिन्यांनी येतं आणि प्रत्येकाला जवळपास तेरा महिने अपडेट मिळतात, म्हणजे वर्षातून एकदा तरी वर सरकावंच लागतं. इम्युटेबलमध्ये हे रीबेस म्हणून एका कमांडचं काम आहे, एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर, आणि मागची ओळ मेनूत असतेच. लेयर काही नव्हते म्हणून कुठे अडलं नाही, डाऊनलोडला वेळ लागला तेवढाच.

त्यानंतर एक मजेशीर घोळ झाला. मावशीकडे शिकायला येणाऱ्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाने टर्मिनलमध्ये डिस्क बघितली आणि घाबरून मला मेसेज केला, ताई रूट शंभर टक्के भरलाय. खरं म्हणजे ४२ पासून फेडोराच्या अ‍ॅटॉमिक, म्हणजे इम्युटेबल, डेस्कटॉपमध्ये कंपोझएफएस नावाची फाईलव्यवस्था आली, त्यात रूट हे काही एमबींचं फक्त वाचायचं चित्र असतं, ते कायम शंभर टक्केच दिसणार. खरी जागा व्हारच्या ओळीत बघायची, तिथे भरपूर होती. त्याच मुलाला मी डिस्ट्रोबॉक्स दाखवलं, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या खोक्याच्या आत उबंटू नाहीतर जे हवं ते घेऊन त्याला हवी ती कमांड मारता येते आणि मावशीची सिस्टिम जशी आहे तशी राहते. तो खूष, मी निश्चिंत.

कुणाला किनोआइट नको असेल तर याच वळणाची अजून बरीच आहेत, ओपनसुसेचं एऑन, व्हॅनिला ओएस, गेम खेळणाऱ्यांसाठी बॅझाइट. स्टीम डेकवरचं स्टीमओएससुद्धा मूळ सिस्टिम कुलूपबंद ठेवणारंच आहे. मी ती मावशीच्या टेबलावर लावून बघितलेली नाहीत म्हणून त्यांच्यावर मत देत नाही.

हे लिहितेय तेव्हा, २०२५ च्या शेवटी, फेडोरा ४३ आलेलं आहे पण मशीन ४२ वरच ठेवलंय. डिसेंबरात ग्वाल्हेरला तानसेन समारोह हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव असतो, त्या दिवसांत मावशीकडे बाहेरगावची मंडळी उतरतात, रात्र रात्र जुनी रेकॉर्डिंग काढून ऐकणं चालतं, तेव्हा मशीन बदलायचं नाही असं तिचं म्हणणं आणि ते बरोबर आहे, तोपर्यंत ४२ ला मुदत आहे. समारोह उरकला की एक रविवार काढून रीबेस करणार. त्याच वेळी नेटबुकचंही बघावं लागेल, तिचा पंखा आता आवाज करतो आणि ती बसली तर छपाई बसली. ड्रायव्हर न मागणारा प्रिंटर घ्यावा असं मी म्हणतेय, मावशी म्हणते आहे त्याचा टोनर संपू दे आधी.